चौथा पाय

तानाजीच्या हातात बसून करायचं कसब होतं आणि पायात उभं राहायची खोड. खोगीर शिवणाऱ्यानं कसं, एकदा मांडी ठोकली की दुपारच्या भाकरीलाच उठावं. हा चार टाके घालायचा, उठायचा, घोटभर पाणी प्यायचा, तबेल्याच्या शेवटच्या खणापर्यंत जाऊन यायचा आणि मग पुढचे चार टाके. ओमानातल्या सहमच्या त्या घोड्यांच्या फार्मावर सात वर्षं तो असाच येरझाऱ्या घालत शिवत आला होता. बायको कलावती गावाकडनं फोनवर म्हणायची, "आवं, बसा की एका जागी! बोलताना धाप ऐकू येतीया मला. सासूबाईंनी पायाला भिंगरी बांधूनच जन्म दिलाय तुमास्नी."

खरंच होतं ते. जत तालुक्यातलं गाव, आजा मोटा शिवणारा. विहिरीवर इंजिनं आली आणि मोट गेली. बाप मिरजेला जाऊन टांग्यांचे पट्टे शिवायला लागला. रिक्षा आल्या आणि टांगे गेले. तानाजी पुण्याला खोगिरं शिकला आणि तिथून ओमानला आला. आधी अझैब्याला गाड्यांच्या सीटा शिवल्या. मग सूरला बोटींची कव्हरं शिवली. एका जागी दोन वर्षं झाली की त्याच्या तळपायाला खाज सुटायची. सहमला मात्र तो टिकला, आणि त्याचं कारण एक बकरी होती.

कारण ऐकून हसू येईल, पण होतं ते असं. फार्मावर रीम नावाची एक करडी घोडी होती. जातिवंत, देखणी आणि डोक्यानं बिथरलेली. खणाच्या दारात उभी राहून दिवसभर मान इकडून तिकडे झुलवायची, चारा टाकायची, घामानं निथळायची. कुणीतरी सांगितलं, सोबतीला शेळी ठेवा. पाच वर्षांपूर्वी ढवळी आली, पांढरीशुभ्र, एक कान फाटका. घोडी झुलायची थांबली. ढवळी सकाळी घोडीजवळ असायची आणि दुपारी तानाजीच्या कातडीच्या कतरणांवर येऊन रवंथ करत पडायची. तिच्या जबड्याची ती चाल बघत बसलं की तानाजीचे चार टाक्यांचे आठ व्हायचे, कधी बाराही व्हायचे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात?

सोमवारी सकाळी इक्बालभाई आला. इक्बाल म्हणजे तबेल्याचा मुकादम. मिरजेचाच. त्याचा आजा टांगा हाकायचा आणि तानाजीच्या बापाकडूनच पट्टे शिवून घ्यायचा. त्यामुळे परमुलखात दोघांचं भांडण घरच्यासारखं चालायचं.

"तान्या, सुई ठेव. अर्बाबनं काम काढलंय." अर्बाब म्हणजे फार्माचा अरब मालक.

"कसलं?"

"बकरी शिवायची."

तानाजीनं वर बघितलं. "शिवायची म्हंजे? फाटलीया का कुठं?"

"ऐक तरी लेका! किर्गिझवाले पाहुणे आलेत ना, शुक्रवारी त्यांचा खेळ हाय. त्यांच्या खेळाची बकरी विमानातच कुठंतरी राहिली. कातड्याची असती म्हणं, भरलेली. तीन दिवसांत तसली दुसरी पायजे. न्हाई झाली तर..." इक्बाल थांबला. मग ढवळीकडं न बघता म्हणाला, "न्हाई झाली तर खरी लागंल. बत्तीस-तेहतीस किलोची. बाकीची शेरडं विसाच्या आतली. एवढं भरणारी फार्मात एकच हाय."

"बाजारातनं आणा की!"

"पाहुण्याम्होरं विकतचं जनावर? अर्बाबचा बाप कबरीत उठून बसंल. पाहुण्याला घरच्या गोठ्यातलंच कापायचं, असली रीत हाय इथं. आणि खेळ झाला की तेच मटण शिजतंय."

"आणि घोडीचं काय?"

"घोडीला दुसरी आणू."

"बायको मेली की दुसरी करत्यात तसं व्हय?"

इक्बाल हसला नाही. "मला कशाला टोचतोस? मी सांगितलं काय तिचं नाव? तू बकरी शिव, खलास."

पाहुण्यांचा म्होरक्या एर्मेक. रुंद छातीचा, उन्हानं रापलेल्या गालांचा गडी. दुबईच्या तबेल्यात चार वर्षं काढलेली, त्यामुळं तबेल्यापुरती हिंदी होती. त्यानं काठीनं वाळूत मैदान काढलं. दोनशे मीटर लांब. दोन्ही टोकांना एकेक गोल. अर्बाबनं ते गोल आधीच मातीचे बांधून घेतले होते, कमरेच्या वर येणारे, मधे खड्डा. तानाजीला वाटलं, गुऱ्हाळाचं चुलाणच की हे.

"कझान," एर्मेक म्हणाला. "बड़ा पतेला. बकरी इसमें डालने का."

एका बाजूचे चार घोडेस्वार मैदानात, बाकीचे राखीव. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. बकरी मधोमध पडलेली. घोड्यावरून न उतरता, पळत्या घोड्याच्या कुशीला लोंबकळून ती उचलायची, मांडीखाली दाबायची आणि समोरच्या कझानात नेऊन टाकायची. बाकीच्यांनी घोड्याला घोडा भिडवून ती हिसकायची. समोरच्याच्या घोड्याला चाबूक मारायचा नाही. बकरी खोगिराला बांधायची नाही. हातानं धरली ती धरली.

"हे कुणाला सुचलं?" तानाजीनं विचारलं.

एर्मेकनं गवताची काडी चावली. त्यांच्याकडं म्हातारे सांगतात, फार पूर्वी लांडगे कळपावर यायचे. मेंढपाळ घोड्यावर बसून पाठलाग करायचे. लांडगा थकला की एकजण धावत्या घोड्यावरून वाकून त्याला उचलायचा, दुसरा ओढायचा, तिसरा त्याच्याकडून हिसकायचा. गावात पोचेपर्यंत खेळच होऊन जायचा. "कोक-बोरू. मतलब भुरा भेड़िया. अब भेड़िया नहीं, तो बकरी."

"म्हंजे लांडग्याचं पाप बकरीच्या माथी," तानाजी मराठीतच पुटपुटला आणि उठून तबेल्याच्या टोकापर्यंत जाऊन आला.

मंगळवारी त्यानं जाड म्हशीचं कातडं काढलं. वजनाला वाळू घेतली. बुधवारी दुपारपर्यंत बकरी तयार झाली. धड गोल गरगरीत, चार पाय, डोकं नाही, कारण खेळात डोकं आणि खूर आधीच काढतात म्हणे. शिवण सगळी आतून. बाहेरून बोट फिरवलं तरी टाका लागू नये. पुण्याला उस्तादानं शिकवलेलं हेच, की खोगीर असं हवं, वर सुरकुती नाही, गाठ नाही, घोड्याच्या पाठीला काही बोचलं तर हात तोडीन. वरून तेल चोळून तानाजीनं ती अशी चमकवली की इक्बाल म्हणाला, "हिच्यावर तर नवरी बसवावी लेका."

एर्मेक घोड्यावरून वाकला, पायाला धरून उचलली. हातभर वर आली आणि सटकली. पुन्हा उचलली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा मांडीखाली दाबली तर आतली वाळू एका अंगाला गेली, धड उलटं फिरलं आणि घोडा बुजून तीन पावलं बाजूला झाला.

"उस्ताद," एर्मेक खाली उतरून म्हणाला, "ये बकरी नहीं. ये साबुन है."

तानाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग मूठ लावतो वरनं. चामड्याची मूठ."

"बकरी को मूठ होता है? नियम नहीं. पैर पकड़ने का. चमड़ी पकड़ने का." त्यानं शेजारी चरणाऱ्या ढवळीच्या मानेचं सैल कातडं मुठीत धरून दाखवलं. ढवळीनं वर बघितलं आणि परत चरायला लागली. तानाजीला ती मूठ बघवेना.

त्या दुपारी त्याला काही सुचेना. हातातली कातडं कापायची रापी ठेवली, उचलली, परत ठेवली. फार्माच्या कडेकडेनं फिरत फिरत तो जुन्या विहिरीपाशी आला. कधीकाळी इथं बैलांनी पाणी ओढायचे. इथले लोक त्या विहिरीला झाजरा म्हणतात. लाकडी चाक अजून होतं, सुकून तडकलेलं. रोज बाजूनं जायचा, पण आज पहिल्यांदा त्यानं चाकाला हात लावला. चाकावर दोराची खोल घळ पडली होती. ह्या दोराला खाली काय लोंबत असणार? कातड्याचंच काहीतरी. आणि ते मण दीड मण पाणी घेऊन दिवसातनं शंभरदा वर येत असणार, दगडावर आपटत, घासत.

आज्याची मोट त्याच्या डोळ्यांपुढं आली. मोटेची शिवण आत नसते, वर असते. कातड्याच्या दोन्ही कडा उभ्या करून, आरीनं भोकं पाडून त्यातनं कातड्याचीच वादी ओढलेली. बोटभर उंच वरंबा. दिसायला ओबडधोबड, पण खाली सोंड असते ना मोटेला, ती ओली गच्च झाली तरी हातातनं सुटत नाही, कारण त्या वरंब्यालाच बोटं अडकतात. आजा म्हणायचा, "टाका दिसला तर दिसू दे. तुटला न्हाई म्हंजे झालं."

तानाजी जवळजवळ पळतच परत आला.

गुरुवारी पहाटेपासून त्यानं चमकती बकरी उसवायला घेतली. धड सैल केलं, पोट लोंबेल असं. वाळू ओतून टाकली. गुरांसाठी साठवलेल्या खजुराच्या बिया घेतल्या, त्यात जुन्या टायरचे तुकडे घातले, पोटाला जास्त, पाठीला कमी. एक पाय उसवला, कडा वर काढून वादीनं शिवला. दुसरा, तसाच. तिसरा. ढवळी कतरणांवर बसून रवंथ करत होती.

चौथा पाय हातात घेतला आणि रापी थांबली.

हा पाय त्याच्या हातून असा उतरला होता की बस्स. सांधा कुठला, टाका कुठला, काही कळत नव्हतं. पुण्याचा उस्ताद असता तर पाठीवर थाप मारली असती. सात वर्षांत असलं बारीक काम इथं कुणी मागितलंच नव्हतं. तयार खोगिरं खोक्यातनं यायची आणि हा फक्त फाटकं जोडायचा. तानाजीनं पाय फिरवून फिरवून बघितला. मग शिवण तशीच ठेवून वरून नुसती एक वादी गुंडाळली, बाकीच्या तिघांसारखी दिसावी म्हणून. कुणाला कळणार होतं? आणि मग उठला, तबेल्याच्या टोकाला गेला, आला, परत गेला.

संध्याकाळच्या सरावाला अर्बाब स्वतः आला. एर्मेकनं पळत्या घोड्यावरून बकरी उचलली, मांडीखाली दाबली, मैदान ओलांडून कझानात धाडकन टाकली. परत काढली, परत टाकली. "बकरी!" तो ओरडला. "असली बकरी!"

अर्बाब खाली वाकून वादीच्या वरंब्यावर बोट फिरवत होता. साठीचा माणूस, एरवी नोकराशी चार शब्दांवर न बोलणारा. "दलू," तो म्हणाला. मग इक्बालकडं वळून अरबीत बराच वेळ बोलला.

"काय म्हणतोय?" तानाजीनं विचारलं.

"म्हणतोय, त्याच्या आज्याच्या विहिरीचा डोल असाच शिवलेला होता. ह्याच टाक्यानं. हा कुठं शिकला म्हणून विचारतोय."

"सांग, आज्याकडनं."

इक्बालनं सांगितलं. अर्बाबनं पहिल्यांदाच तानाजीकडं माणसाकडं बघावं तसं बघितलं. तानाजीला धीर आला. "अर्बाब, वो ढवळी... सफेद बकरी... घोडी का दोस्त..."

पण एर्मेक मधेच बोलला. नियम होता. एक फाटली तर दुसरी तयार हवी. राखीव बकरीशिवाय डाव सुरूच होत नाही. दुसरी कातड्याची शिवायला आता वेळ नव्हता.

अर्बाबनं तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "इन्शाल्ला, लागणारच नाही," असं काहीतरी म्हणाला आणि गाडीत बसला. म्हणजे ढवळी राखीव.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मैदानाच्या कडेला गाड्या लागल्या. पोरंटोरं टपावर चढली. इथल्या घोडेस्वारांना घोड्याचं कौतुक नवं नव्हतं. सणाला दोन घोडे जोडीनं फेकतात आणि वरचे दोघं एकमेकांचे हात धरून उभे राहतात, असली इथली माणसं. पण दोन घोडे मुद्दाम एकमेकांवर घालायचे, हे त्यांना नवीन. मैदानाच्या टोकाला बाभळीखाली ढवळी बांधलेली. शेजारी स्वयंपाकी अमीन, कमरेला सुरी. आणि मागं तबेल्यातनं धप, धप, धप. रीम दाराला लाथा घालत होती. सकाळपासून तिला ढवळी दिसली नव्हती.

पहिला डाव पाहुण्यांनी सहज घेतला. दुसऱ्यात फार्माची पोरं पेटली. धुळीत नुसत्या घोड्यांच्या पाठी आणि पाय दिसत होते. बकरी कधी ह्याच्या मांडीखाली, कधी त्याच्या. तानाजी मैदानाच्या रेषेवरनं बकरीच्या मागं मागं पळत होता. लोक घोडा कोण, स्वार कोण ते बघत होते. हा बघत होता, हात कुठल्या पायाला लागतोय. पहिला, तिसरा, परत तिसरा, दुसरा. "तोच धर बाबा, तोच धर," तो स्वतःशी बडबडत होता.

डाव संपायला मिनिटभर असताना एर्मेकनं पहिला पाय धरला आणि समोरून सहमच्याच एका पोरानं चौथा. दोघांचे घोडे उलट्या दिशांना वळले. कातडं ताणलं गेलं. वरची वादी निघून गेली आणि ती सुंदर, केसभरही न दिसणारी शिवण वरपासून खालपर्यंत उलगडत गेली. खजुराच्या बिया वाळूवर सांडल्या.

शिट्टी झाली. पंच म्हणजे पाहुण्यांतलाच उंच पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा. त्यानं फाटका पाय बघितला, घड्याळ बघितलं आणि दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. डावांमधली सुट्टी दहा मिनिटांची. तेवढ्यात झाली तर ही, नाहीतर राखीव.

अमीन उठून उभा राहिला आणि सुरीची धार अंगठ्यावर बघायला लागला.

तानाजी वाळूतच बसला. आरी काढली. भोक, भोक, भोक. हाताला सवय होती. पण वादी ओढायची म्हणजे दोन माणसांचं काम. एकानं भोक पाडून वादी घालायची, दुसऱ्यानं पकडीनं ताणून धरायची. आजा शिवायचा तेव्हा आजी ओढायची. गुरुवारी त्यानं एकेक वादी खुंटीला अडकवून, पाय लावून, तासतासभर ओढली होती. आता तास नव्हता. खुंटीही नव्हती.

तिकडं इक्बाल ढवळीचा दोर सोडवत होता. हुकूम होता तसा. ढवळी त्याच्यामागं मुकाट निघाली. माणसाच्या मागं जायची तिला सवयच होती. तानाजीनं वादी दातात धरली, मान मागं टाकून ओढली. एक टाका बसला. अशानं पंधरा टाके कधी व्हायचे?

"इक्बालभाई!"

"काय?"

"पकड धर!"

"मला तिकडं बोलावलंय..."

"माझंच चुकलंय रं! हा पाय मीच उसवला न्हाई. मला माहीत होतं. चांगला दिसत होता म्हणून ठेवला!" तानाजीचा आवाज फाटला. "तिचा काय गुन्हा?"

इक्बाल दोर हातात घेऊन उभा. तबेल्यातनं धप, धप. त्यानं एकदा अमीनकडं बघितलं, एकदा पंचाच्या टोपीकडं. मग त्यानं दोर अमीनच्या हातात दिला. "धर जरा. मी सांगीपर्यंत हात लावायचा न्हाई." आणि धपकन वाळूत बसून पकड उचलली.

"तुझ्या खानदानाची शिवणच तसली," इक्बाल वादी ताणत म्हणाला. "तुझ्या बापानं शिवलेला पट्टा तुटला आणि माझा आजा टांग्यातनं गटारात पडला होता. बाजारपेठेत. भर गुरुवारी."

"पट्टा न्हवता तुटला. तुझा आजा पिऊन होता."

"ओढू का सोडू?"

"ओढ! ओढ!"

भोक, वादी, ओढ. भोक, वादी, ओढ. न उठता सलग पंधरा टाके तानाजीनं आयुष्यात पहिल्यांदाच घातले. सांडलेल्या बिया ओंजळीनं परत भरल्या, त्यात वाळूही गेली. शेवटच्या टाक्याला पंच डोक्यावर येऊन उभा राहिला. त्यानं पाय धरला, गुडघा रोवून दोन्ही हातांनी हिसका दिला. वरंबा तसाच. त्यानं बकरी उचलून मैदानात फेकली आणि शिट्टी वाजवली.

तिसरा डाव तानाजीनं बघितला नाही. अमीनच्या हातातनं दोर घेतला आणि ढवळीला घेऊन तबेल्याकडं चालायला लागला. पाठीमागं लोकांचा एकदम मोठा आरडाओरडा झाला. कुणी टाकली, कुणाच्या कझानात, त्यानं वळून पाहिलं नाही. रीमच्या दाराची खालची फळी फुटली होती. ढवळी आत शिरली, घोडीच्या पुढच्या पायांमधनं वाकून तिनं खाली सांडलेलं गवत ओढलं. रीमनं दोन-तीनदा मान झुलवली, मग नाक ढवळीच्या पाठीला लावून उभी राहिली. तिच्या अंगावरचा घाम अजून वाळला नव्हता.

खेळ संपल्यावर इक्बाल बकरी खांद्यावर टाकून घेऊन आला. चारी पाय शाबूत. एर्मेकच्या लोकांनी जिंकलं होतं, पण दोनाच्याच फरकानं. अर्बाब खूश होता. पुढच्या शुक्रवारी परत खेळ ठरला होता, मस्कतहून पाहुणे येणार होते.

"परत?" तानाजी ताडकन उठला.

"परत. तीच बकरी चालंल म्हणाला एर्मेक."

"आणि राखीव?"

इक्बालनं रीमच्या खणाकडं नुसती हनुवटी केली. खांद्यावरची बकरी कतरणांवर टाकली.

तानाजी फळीवर चढला. वरच्या कप्प्यातली म्हशीच्या कातडीची गुंडाळी ओढून खाली टाकली. धूळ उडाली. मग रापी घेतली, अंगठ्यानं धार बघितली, खडूनं पहिली रेघ मारली.

"आत्ता?" इक्बाल म्हणाला. "मटण शिजतंय तिकडं, घरच्याच बारक्या शेरडांचं. जेव तरी."

"राखीव मी करतोय. अर्बाबला सांग." तानाजीनं दुसरी रेघ मारली. "आणि ती पकड घेऊन ये. चारी पायांना लागंल."

"चौथ्यालाबी?"

"चौथ्याला आधी."

इक्बाल पकड शोधायला गेला. तानाजीनं चार टाक्यांची भोकं पाडली, उठला, रीमच्या खणापर्यंत जाऊन आत डोकावला, आणि परत येऊन बसला.